फ्लाय फिशिंगसाठी लहान होडी: चालते कशी यापेक्षा थांबते कशी ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला राहणारे एक गृहस्थ दोन वर्षं वेडर (पाणी आत न येणारी, छातीपर्यंतची विजार) घालून, नदीत उभं राहून फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्याचा खोटा किडा (फ्लाय) फेकून मासेमारी, करताहेत. आता त्यांना होडी घ्यायची आहे. राहणं अपार्टमेंटमध्ये, गाडी होंडा सीआर-व्ही, ट्रेलर ठेवायला जागा नाही आणि खर्च दीड हजार डॉलरच्या आत बसवायचाय. बहुतेक वेळा एकटेच जाणार, पण सुट्टीच्या दिवशी बायको आणि सात वर्षांची मुलगीही बरोबर असेल. दुकानात त्यांना कायाक दाखवली, मित्राने ड्रिफ्ट बोट सुचवली, आणि तळ्यावर कुणीतरी फ्लोट ट्यूबमध्ये बसून एकामागून एक मासे काढताना दिसलं. "काका, नक्की काय घेऊ?" असं त्यांनी विचारलंय.

मी लान्सिंगजवळ राहतो. मिशिगनच्या नद्या आणि तळ्यांवर फ्लाय फिशिंग करायला लागून २२ वर्षं झाली. एवढ्या काळात फ्लोट ट्यूब, कायाक, पाँटून, चौदा फुटी ॲल्युमिनियमची जॉन बोट आणि दोन कनू (वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याची होडी) माझ्याकडे येऊन गेल्या. त्यातली एक कनू अजून आहे. त्याआधीचं सगळं बालपण मालवणजवळ कर्ली खाडीच्या काठी गेलं, त्यामुळे होडीशी ओळख फ्लाय रॉडच्या कितीतरी आधीची.

होडी किती वेगाने जाते आणि किती वजन नेते, हे विकणारा सांगतोच. तुम्ही त्याला वेगळं विचारा. ही होडी मला हवी तिथे थांबते का? आणि थांबल्यावर मला नीट फेकू देते का? माझ्या लेखी बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या मागून येतं.

असं का, ते सांगतो. स्पिनिंग रॉडवर आमिषाला स्वतःचं वजन असतं. ते वजन लाइन ओढत नेतं आणि फेकून झालं की एक हात घटकाभर मोकळा होतो. आपल्या फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, आपण फेकतो ती लाइन. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात लाइन, आणि ओढून घेतलेली दहा-पंधरा फूट लाइन पायाशी सैल पडलेली. म्हणजे होडी सांभाळायला हात उरतच नाही. तेवढ्यात वाऱ्याने होडी चार फूट सरकली की लाइन एक तर ढिली पडते, नाहीतर ताणली जाते. सुकी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय ओढली गेली की ट्राउट मासा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. ढिल्या लाइनवर मासा लागून सुटला तर तुम्हाला कळतही नाही. नदीत पाय रोवून उभे असता तेव्हा हा त्रास नसतो, कारण तुमचे पाय हाच नांगर असतो. होडीत बसलात की तो नांगर गेला.

मिशिगनच्याच ऑ सेबल नदीवरची जुनी होडी बघितलीत तर हे लगेच पटेल. ग्रेलिंग गावाच्या आसपास, ओंडके वाहून नेण्याच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही होडी घडली. सुमारे २४ फूट लांब, अरुंद, तळ सपाट. मागे बसलेला वाटाड्या लांब बांबूने किंवा वल्ह्याने ती सांभाळतो, आणि पाण्यात एक साखळी सोडलेली असते. ती साखळी तळावर घासत राहते आणि होडी प्रवाहापेक्षा हळू चालते. पुढे बसलेल्याला एकाच जागी दोन-तीनदा फेकता यावं म्हणून ही सगळी योजना. त्या नदीच्या माणसांनी दीडशे वर्षांपूर्वी वेगाला नव्हे, संथपणाला धरून होडी बांधली. याच ऑ सेबलच्या काठी १९५९ मध्ये ट्राउट आणि त्यांच्या नद्या जपणारी 'ट्राउट अनलिमिटेड' ही संस्था जन्मली. तिथे जाल तेव्हा एखाद्या वाटाड्याबरोबर या होडीत एक संध्याकाळ नक्की काढा. विकत मात्र घेऊ नका, २४ फूट तुमच्या गाडीवर चढणार नाहीत.

आता स्थैर्य. उभं राहून फेकता येईल का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आमच्या खाडीतल्या होडीला एका बाजूला उलांडी असते. दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला हलका लाकडी ओंडका. होडी स्वतः इतकी अरुंद की उलांडीशिवाय तीत उभं राहणं कठीण, पण उलांडी लावली की मामा तीत उभे राहून जाळं फेकत. लहानपणी मला वाटायचं, तो ओंडका जड असल्यामुळे होडी धरून ठेवतो. खरं कारण त्याचं अंतर आहे. पाण्यावरची रुंदी वाढली की होडीचा डुलण्याला विरोध त्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीस इंच रुंदीची होडी आणि छत्तीस इंचांची होडी यांत फरक फक्त वीस टक्क्यांचा, पण लांबी आणि आकार सारखे असतील तर दुसरीचं सुरुवातीचं स्थैर्य पहिलीच्या जवळजवळ पावणेदोन पट निघतं. म्हणून माहितीपत्रकावर लांबीआधी रुंदी वाचा. बसण्याची उंचीही बघा. बैठक दोन-तीन इंच वर गेली तरी तीच होडी एकदम चंचल वाटायला लागते.

त्यात एक बारकावा आहे. सपाट तळाची होडी स्थिर पाण्यात टेबलासारखी वाटते, पण एका मर्यादेपुढे कलली की इशारा न देता उलटते. किंचित गोलसर तळाची होडी सुरुवातीला डुलते, नवख्याला घाबरवते, पण कलल्यावर कडेच्या आधाराने टिकून राहते. शांत तळ्यात उभं राहून फेकायचं असेल तर सपाट बरी. लाटा असलेलं मोठं तळं किंवा खळाळती नदी असेल तर गोलसर. तुमच्यासारख्याने या दोन्हींच्या मधली घ्यावी. दुकानात 'उथळ कमान' म्हणून सांगतात तो तळ.

तसं बघितलं तर उभं राहण्याची गरज लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. बसून चाळीस फूट फेकता आलं तर मिशिगनच्या तळ्यांवरचे बहुतेक मासे तुमच्या टप्प्यात आहेत. बसल्यावर मागची फेक पाण्याला लागते, ही अडचण खरी. तिच्यावर उपाय म्हणजे नऊऐवजी दहा फुटी रॉड वापरा, आणि मागची फेक उंच जाऊन थांबेल असा सराव हिरवळीवर खुर्ची टाकून करा. मी सगळा एप्रिल तेच करतो.

वाऱ्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण होडी घेताना कुणी त्याचा विचार करत नाही आणि घेतल्यावर दुसरं काही सुचत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी पाच मैलांचा वारा दहाचा झाला की होडीवरचा ढकल चौपट होतो. पाण्यावर जितकी उंच बाजू, तितकं मोठं शीड. रिकाम्या सोळा फुटी कनूत एकटा माणूस मागच्या बैठकीवर बसला तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, आणि वारा ती नाळ घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत राहतो. याला साधा उपाय आहे. एकटे असाल तर उलटं तोंड करून पुढच्या बैठकीवर बसा. ती बैठक मध्याच्या जवळ असते, त्यामुळे होडी सपाट बसते. पुढे पाण्याने भरलेला पाच गॅलनचा कॅन ठेवलात तर आणखी छान. कनूतला निम्मा राग या एका युक्तीने जातो.

आणि नांगर. तळ्यावर कनूला तीन-चार किलोचा नांगर पुरतो. दोरी खोलीच्या किमान तिप्पट सोडा, वारा असेल तर त्याहून जास्त. एकाच टोकाला नांगर टाकलात तर होडी दोरीभोवती झुलत राहते आणि लाइन पुन्हा ढिली पडते. तळाजवळ फ्लाय टांगून शांत बसायचं असेल तेव्हा मी दोन्ही टोकांना एकेक नांगर टाकतो. होडी वाऱ्याला आडवी, जागच्या जागी खिळलेली. अशा दिवशी माझ्या माशांची संख्या सरळ दुप्पट होते, आणि त्यात माझ्या फेकीचं काही श्रेय नाही. नांगर कधीही होडीच्या मधल्या बाजूला बांधू नका. वाहत्या पाण्यात तसं केलंत तर प्रवाह ती कडा खाली दाबतो आणि होडी काही क्षणांत भरते. वेगवान पाण्यात कनूतून नांगर टाकूच नये. काठाला लावा, उतरा, उभे राहून फेका. दोरीची गाठ एका झटक्यात सुटणारी हवी आणि सुरी लाइफ जॅकेटला लावलेली हवी, डब्यात नव्हे.

तुम्ही ज्या होड्यांची नावं घेतलीत त्यांच्याकडे वळतो.

फ्लोट ट्यूब मला मनापासून आवडते. पायांत पोहण्याचे पंख, अंगावर वेडर, आणि पाण्यात कमरेपर्यंत बसलेले तुम्ही. हात पूर्ण मोकळे, कारण होडी पायांनी हलते. फ्लाय फिशिंगच्या गरजेला इतकी अचूक बसणारी दुसरी वस्तू नाही. हवा काढली की कपाटात मावते, किंमतही कमी. तळ्यावर तुम्हाला दिसलेल्या त्या माणसाचं यश तुम्ही बरोबर हेरलंत. पण तिची मर्यादा पक्की आहे. छोटं तळं, हलका वारा, एकटा माणूस. वारा उठला तर पायांनी परतणं म्हणजे तासाभराचं काम. आणि नदीत फ्लोट ट्यूब नेऊ नका, कुठल्याच नदीत. पाय खाली लोंबत असतात, बुडालेल्या फांदीत अडकले तर मागून येणारं पाणी तुम्हाला वाकवून खाली घालतं.

पाँटून म्हणजे हवेच्या दोन लांबट नळ्या, वर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट, मधे खुर्ची आणि दोन वल्ही. आठ-नऊ फुटी पाँटून नदीला चांगली. क्रोटन धरणाखालच्या मस्किगन नदीवर, न्यूवेगोपर्यंतच्या पट्ट्यात, मी ती अनेक वर्षं वापरली. मागे नांगराची कप्पी असते, त्यामुळे मध्यम प्रवाहात थांबता येतं. पण तिथे जाण्याआधी यूएसजीएस या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर पाण्याचा विसर्ग बघायचाच. धरणातून पाणी सोडलं की ओळखीची नदी अनोळखी होते. पाँटूनवर मुलीला मात्र नेता येणार नाही, खुर्ची एकच.

सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायची, कायाक. हिच्या बाबतीत माझं मत कडक आहे. बारा फूट लांब, चौतीस-छत्तीस इंच रुंद मासेमारीच्या कायाकमध्ये उभं राहता येतं, पायाने फिरवायचे पॅडल असलेली घेतली तर हातही मोकळे राहतात. कागदावर उत्तम. पण सगळी उपकरणं धरून ती पंचेचाळीस-पन्नास किलोंच्या घरात जाते. मी अशीच एक घेतली होती. पहिल्या उन्हाळ्यात खूप गेलो, दुसऱ्यात चार वेळा. दिवसभर मासेमारी करून थकल्यावर ओली, निसरडी, ४८ किलोंची कायाक एकट्याने छतावर चढवायची, या विचारानेच पाय घरात राहायचे. शिवाय तिच्यावर रॉड होल्डर, हुक, कडा, पायठेवणी यांची गर्दी असते. सैल लाइन यांतल्या प्रत्येकाला शोधून काढते. ज्यांच्याकडे ट्रेलर किंवा पिकअप आहे आणि जे मुख्यतः मोठ्या तळ्यांवर जातात, त्यांना कायाक मी आनंदाने सुचवतो. तुम्हाला नाही.

ड्रिफ्ट बोटीबद्दल दोनच ओळी. ओरेगनच्या मॅकेन्झी नदीवर विकसित झालेली ही सुंदर होडी आहे, दोन्ही टोकं वर वळलेली, जागच्या जागी भिंगरीसारखी फिरणारी. पण तिला ट्रेलर लागतो, आणि वल्हवणारा माणूस त्या वेळात मासे पकडत नाही. एकट्याने जाणाऱ्याची ती होडी नव्हे.

जॉन बोट, म्हणजे सपाट तळाची ॲल्युमिनियमची पेटी, उभं राहायला सर्वांत सोपी. चौदा फुटीही चांगली जड असते, त्यामुळे पुन्हा ट्रेलर आला. ॲल्युमिनियमवर पेटी घासली तरी आवाज पाण्यात लांब जातो. घर, अंगण आणि गॅरेज झालं की विचार करा.

राहिली कनू. तुम्ही कनू घ्या. पंधरा-सोळा फुटी, मध्यभागी चौतीस-छत्तीस इंच रुंद, तळ उथळ कमानीचा, वजन ३० किलोंच्या आत-बाहेर. ती सीआर-व्हीच्या छतावर जाते, एकट्याने खांद्यावर घेता येते, तिघांना नेते, तळ्यावर चालते आणि थॉर्नॲपल किंवा लोवेलजवळच्या फ्लॅट रिव्हरसारख्या सौम्य नदीवरही चालते. तिचा आतला भाग मोकळा असतो, लाइन अडकायला फार काही नसतं. गाडीचं माहितीपुस्तक उघडून छताची भारमर्यादा आधी वाचा, आणि त्यात आडव्या दांड्यांचं वजनही मोजा. पुढच्या आणि मागच्या टोकाला दोरी बांधल्याशिवाय हायवेवर जाऊ नका.

जुनीच घ्या. दीड हजारांत नवी चांगली कनू मिळणं कठीण आहे, जुनी मात्र त्याच्या निम्म्यात मिळून वर नांगर, लाइफ जॅकेट आणि वल्ह्यांना पैसे उरतात. रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लास्टिकची कनू मिळाली तर सोडू नका. ते हलकं, खडकावर आपटलं तरी पुन्हा आकार धरणारं. त्याचं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, म्हणून आता ते फक्त जुन्या बाजारात. साध्या पॉलिथिलीनची कनू मजबूत असते पण सात-आठ किलोंनी जड, आणि चाळिशीनंतर त्या सात किलोंना अर्थ येतो. ग्रमनची ॲल्युमिनियमची कनूही दिसेल. विमानं बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेली ही होडी, अतिशय चिवट. पण ती खडकाला घासून अडकते आणि आवाज करते. घेतलीच तर आत रबरी चटई घाला.

बघायला जाल तेव्हा उन्हात उलटी ठेवून, कडेला डोळा लावून तळ बघा. लाट किंवा खोलगट भाग दिसला तर ती वर्षानुवर्षं चुकीची ठेवली गेली आहे. आत बसून, मधला तळ हाताने दाबून बघा. लाकडी कडा असतील तर स्क्रूभोवती बारीक तडे शोधा. थंडीत लाकूड आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रॉयलेक्स तिथेच फाटतं. मागच्या टोकाच्या उजव्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. १९८४ नंतरच्या होडीत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. विकणारा "पाचच वर्षं झाली" म्हणाला तर ताडून बघता येतं. आणि शेवटी, पैसे देण्याआधी ती एकट्याने उचलून खांद्यावर घ्या आणि पन्नास पावलं चाला. याच परीक्षेत मी दोन सुंदर होड्या सोडून दिल्या आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

घरी आणल्यावर तिला फ्लाय फिशिंगसाठी तयार करायला फार खर्च नाही. पायाशी कपडे धुण्याची प्लास्टिकची टोपली ठेवा, ओढलेली लाइन तीत पडेल. जिथे बोल्ट किंवा कडी दिसेल तिथे ओला टॉवेल टाका. बुटाच्या नाड्या आत खोचा, माझ्या अर्ध्या बिघडलेल्या फेकी नाडीमुळे बिघडल्या आहेत. दोन्ही टोकांना नांगराची छोटी कप्पी आणि बसल्या जागी हाताला येईल अशी दोरी धरून ठेवणारी खाच लावा. उठून टोकापर्यंत जावं लागलं तर तुम्ही नांगर टाकण्याचा कंटाळा कराल. मुलगी बरोबर असेल तेव्हा एका वेळी एकानेच फेकायचं, हुकाचा काटा पक्कडने चेपून टाकायचा, आणि तिघांच्याही डोळ्यांवर चष्मे.

मोटरचा विचार एक वर्ष पुढे ढकला. वल्ह्याने जाता येतात अशी तळी तुमच्या आसपास भरपूर आहेत. मिशिगनमध्ये वल्ह्याने चालणाऱ्या कनूला नोंदणी लागत नाही, पण तिला अगदी लहान विजेची मोटर लावलीत तरी नोंदणी करावी लागते. मासेमारीचा परवाना सतरा वर्षांपासून पुढे लागतो, तेव्हा मुलीला अजून नको. पीअर मार्केट नदीवर उन्हाळ्यात होडी घालायची तर वेगळा परवाना काढावा लागतो. ब्राउन ट्राउट अमेरिकेत पहिल्यांदा सोडला तो याच नदीच्या बाल्डविन उपनदीत, १८८४ मध्ये, म्हणून तिथे सगळ्यांना जायचं असतं. पण एम-३७ हायवेच्या पुलापासून प्रवाहाच्या खालच्या अंगाचा, फक्त फ्लायनेच मासे धरायचा पट्टा पायी उतरूनच चांगला जमतो. वळणं घट्ट आहेत, झाडं पडलेली आहेत, आणि होडीतून जाताना तुम्ही दुसऱ्याच्या पाण्यावरून जाता.

पडलेल्या झाडांवरून आठवलं. मिशिगनच्या नद्यांत खरा धोका खडकांचा नाही, झाडांचा आहे. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस जात नाही. प्रवाह तुम्हाला झाडाकडे नेतोय असं दिसलं की घाबरून प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकू नका. होडी तशीच भरते. झाडाकडे झुका, खोड धरा, आणि मग सावकाश सरका. ठेंगण्या धरणांच्या जवळही जाऊ नका. वरून ते पाण्याची साधी पायरी दिसतात, पण पायथ्याशी पाणी गोल गोल फिरत असतं आणि आत गेलेल्या माणसाला परत परत खाली ओढतं.

आता एक प्रसंग. नऊ वर्षांपूर्वीचा एप्रिलचा शेवट, लान्सिंगच्या उत्तरेचं एक लहान तळं. हवा वीस अंश, ऊन, मी स्वेटर काढून ठेवला होता. पाणी मात्र बर्फ वितळून तीन-चार आठवडेच झालेलं. मासा लागला, मी त्याच्याकडे वाकलो, जाळी दुसऱ्या बाजूला होती, वळलो, आणि पाण्यात. काठ साठ फुटांवर. पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तो थांबवता येत नाही. डोकं वर होतं ते केवळ लाइफ जॅकेट अंगात होतं म्हणून. मी होडीच्या कडेला धरून पाय मारत निघालो. काठाला लागेपर्यंत बोटं माझी राहिली नव्हती. गाडीची किल्ली खिशातून काढायला दोन्ही तळहातांमध्ये धरावी लागली.

थंड पाण्याचा नियम लोक एक-दहा-एक असा लक्षात ठेवतात. श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय उपयोगाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पोहता येणं त्या दहा मिनिटांनंतर फारसं कामाचं नाही. आपण समुद्राकाठची माणसं, आपल्याला वाटतं पाणी आपलं ओळखीचं आहे. कर्लीचं पाणी ओळखीचं होतं. हे नाही. मिशिगनचा कायदा सहा वर्षांखालच्या मुलांनाच उघड्या होडीत जॅकेट घालायला लावतो आणि तुमची मुलगी त्यापुढे गेली आहे. तरी तुमच्या होडीत तिघांनीही ते घातलेलं असावं, चेन लावलेलं, पहिल्या वल्ह्यापासून. मे संपेपर्यंत एकट्याने काठापासून लांब जाऊ नका.

एक काम परतताना रोज करायचं. पीअर मार्केटमध्ये २०१५ साली न्यूझीलंडची चिमुकली गोगलगाय सापडली, पुढच्या वर्षी ऑ सेबलमध्ये, आणि २०२१ च्या अखेरीस मॅनिस्टी नदीच्या वरच्या भागात डिडिमो नावाचं शेवाळ. या उपद्रवी गोष्टी एका नदीतून दुसरीत जातात त्या आपल्या बुटांवरून, जाळ्यांवरून आणि होड्यांतून. २०१९ पासून राज्यात होडीतलं पाणी काढून, वनस्पती झाडूनच ती रस्त्यावर नेण्याचा कायदा आहे. मी कनू उलटी करून गाडीवर चढवण्याआधी पुसतो, नांगराची दोरी वेगळ्या बादलीत ठेवतो, आणि दुसऱ्या नदीवर जायचं असेल तर मधे पाच दिवस सगळं कोरडं होऊ देतो. कापडी नमदा लावलेले बूट असतील तर ते रबरी तळाचे करून घ्या, नमदा आठवडाभर ओला राहतो.

होडी आली की पहिल्या दिवशी रॉड घरी ठेवा. जूनमधलं उबदार पाणी, कमरेएवढी खोली, वाळूचा तळ अशी जागा बघा आणि बायकोला काठावर उभं करा. जॅकेट घालून कनूत बसा आणि मुद्दाम कलवत जा, उलटेपर्यंत. ती कुठल्या अंशाला हार मानते ते अंगाला कळू द्या. मग पाणी काढा, पुन्हा चढा, पुन्हा उलटा. मुलीलाही एकदा पडू द्या, तिला फार आवडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, वारा उठायच्या आत, रॉड घेऊन या. त्या सुमाराला ब्लूगिल मासे उथळ पाण्यात बशीएवढे गोल खळगे करून बसलेले असतात, ध्रुवीकृत चष्म्यातून तळावर फिकट ठिपके दिसतील. त्यांच्या अगदी जवळ जाऊ नका. तीस फुटांवर दोन्ही नांगर आवाज न करता सोडा, होडी स्थिर होईपर्यंत थांबा, आणि दहा नंबरचा छोटा फोमचा पॉपर (पाण्यावर तरंगून आवाज करणारी फ्लाय) लावून पहिली फेक मुलीला द्या.